लेन्स बसते, पण बोलते का?

मंडळी, आमचा विषय तत्त्वज्ञान. तरी आज कॅमेऱ्यावर बोलायला उभे आहोत, आणि त्याला कारण आहे आमचा अकोल्याचा एक जुना विद्यार्थी. एम. ए.ला त्यानं आमच्याकडे न्याय-वैशेषिक घेतलं होतं. पुढे वडिलांचा फोटो स्टुडिओ सांभाळायला लागला. वडील काळ्या-पांढऱ्या फोटोंना हातानं रंग देत, हा लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दिवाळीच्या आधी त्याचा रात्री दहाला फोन आला.

"सर, नवी बॉडी आली हाय. दुकानवाला म्हन्ते का जुन्या साऱ्या लेन्स चालतात. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं. घेऊन टाकू का?"

तुळशीचं लग्न झालं की याचा हंगाम सुरू होतो आणि मे संपेपर्यंत चालतो. वर्षाची कमाई त्या सहा-सात महिन्यांत. तेवढ्यात कॅमेरा अडला तर कुणाच्या मंगलाष्टकाचा क्षण जातो, आणि तो क्षण पुन्हा घेता येत नाही. म्हणजे प्रश्न हौसेचा नव्हता. आम्ही त्याला म्हटलं, "बाबू, 'चालतात' म्हणजे काय म्हणाला तो, हे आधी विचार." तो हसला. वर्गातही आम्ही असंच करत असू, एक शब्द धरून तासभर बसत असू.

या शब्दानं आम्हालाही एकदा फसवलेलं आहे, ते सांगून टाकतो. निवृत्तीनंतर मेळघाटात जाऊन पक्षी पाहावेत असं मनात आलं. एक लहानशी डिजिटल बॉडी घेतली, आणि तिच्यासाठी एका दुकानातून जुनी, वापरलेली झूम लेन्स घेतली. दुकानदाराला विचारलं, "या बॉडीला चालेल ना?" तो म्हणाला, "बसते ना सर." आणि बसली की! चांगली टक्क आवाज करून बसली. सेमाडोहला पोचलो, समोरच्या सागावर पक्षी बसला, आम्ही बटण दाबलं, आणि लेन्स ढिम्म हलेना. हातानं कडं फिरवेपर्यंत पक्षी उडून गेला होता. नंतर कळलं की त्या लेन्सला फोकससाठी बॉडीतली मोटर लागते, आणि आमच्या बॉडीत मोटर नव्हतीच. दुकानदार खोटं बोलला नव्हता हे लक्षात घ्या. आम्ही 'चालेल का' विचारलं, त्यानं 'बसते' असं उत्तर दिलं, आणि दोन क्रियापदांतला फरक आमच्या कानाला कळला नाही. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला!

तेव्हापासून आम्ही कॅमेरा आणि लेन्स यांच्या जुळण्याकडे तीन क्रियापदांनी पाहतो. लेन्स बसते का, ती बोलते का, आणि ती पुरते का. कंपनीच्या पत्रकात या तिन्हींना मिळून 'कम्पॅटिबल' असा एकच शब्द असतो. सगळा गोंधळ तिथे आहे.

थोडं आमच्या विषयात शिरू द्या. वैशेषिकांनी संयोगाला गुण मानलं आहे, पण तो दोन द्रव्यांत मिळून राहणारा गुण आहे. एकट्या लेन्समध्ये तो नाही आणि एकट्या बॉडीतही नाही. म्हणून 'ही लेन्स कम्पॅटिबल आहे' हे वाक्यच अपुरं आहे. कशाशी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. प्रशस्तपादानं संयोगाचे तीन प्रकार सांगितले. एकात दोघांपैकी एकच हलतो: ससाणा येऊन खुंटावर बसतो, खुंट काही करत नाही. दुसऱ्यात दोघेही हलतात: दोन मल्ल एकमेकांना भिडतात. अमरावतीकरांना मल्लांचं उदाहरण समजावून सांगायला नको, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गावात आपण बसलो आहोत. तिसरा प्रकार संयोगातून होणारा संयोग. नंतरच्या ग्रंथांत त्याचं उदाहरण असं देतात की हात पुस्तकाला लागला म्हणून शरीर पुस्तकाला लागलं.

आता लेन्स पाहा. जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर एका बारीक दांडीनं लेन्सचे गिअर फिरवते. करणारी बॉडी, लेन्स खुंटासारखी. नव्या लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, स्वतःची चिप असते. बॉडी विचारते, लेन्स उत्तर देते, दोघं मिळून फोकस साधतात. ही मल्लांची जोडी. आणि मध्ये अ‍ॅडाप्टर घातला की झाला संयोगातून संयोग. पण तिथे एक अट आहे. हात शरीराचा अवयव आहे म्हणून हाताचा स्पर्श तो शरीराचा स्पर्श. लाकडी हात लावला तर पुस्तक कळत नाही. अ‍ॅडाप्टरचंही तेच. नुसतं धातूचं पोकळ कडं असेल तर लेन्स बसते, पण तिचा एक शब्द बॉडीपर्यंत जात नाही. प्रशस्तपादाला हे कितपत पटलं असतं माहीत नाही, पण वर्गात हे उदाहरण द्यायला मिळालं असतं तर मुलं जागी राहिली असती.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आजची घोषणा तोलता येत नाही.

निकॉननं १९५९ साली 'एफ' नावाचा कॅमेरा काढला आणि त्याच्यासोबत एफ माउंट आला. माउंट म्हणजे बॉडीच्या तोंडाशी असलेलं ते धातूचं कडं, ज्यात लेन्स फिरवून अडकवतात. ते कडं साठ वर्षं टिकलं. फिल्म गेली, डिजिटल आलं, कडं तेच. त्यामुळे निकॉनवाल्यांच्या मनात असं बसलं की आपली कुठलीही लेन्स आपल्या कुठल्याही बॉडीला चालते. कॅनॉननं उलट केलं. १९८७ मध्ये त्यांनी आपला एफडी माउंट सोडून ईएफ नावाचा नवा माउंट आणला. त्यात बॉडी आणि लेन्स यांच्यातले यांत्रिक दुवे काढून टाकले, सगळा कारभार विजेच्या संकेतांवर. जुन्या एफडी लेन्स नव्या बॉडीवर निरुपयोगी झाल्या आणि लोक भयंकर चिडले. ज्यांनी पगारातून पैसे साठवून लेन्स घेतल्या, त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण कॅनॉननं तो घाव एकदाच घातला. त्यानंतरच्या ईएफ लेन्स आणि ईएफ बॉड्या तीस वर्षं एकमेकांशी फारशी कुरकुर न करता बोलत राहिल्या.

निकॉनचं कडं टिकलं, पण आतून भाषा बदलत गेली. १९७७ मध्ये एआय आलं, म्हणजे लेन्सनं आपलं छिद्र किती उघडं आहे हे बॉडीला सांगण्याची नवी यांत्रिक खूण. १९८६ मध्ये बॉडीतली फोकस मोटर आली. पुढे लेन्समध्येच मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स आल्या. मग छिद्राचं कडं नसलेल्या 'जी' लेन्स. २००६ मध्ये डी-फोर्टी ही स्वस्त बॉडी आली आणि तिच्यातून मोटर काढून टाकली. दार तेच राहिलं, घरातली माणसं बदलली. जुना पाहुणा दारातून आत येतो खरा, पण त्याची भाषा घरात कुणाला येत नाही.

याचा सगळ्यात चमत्कारिक दाखला २०१८च्या ऑगस्टमधला. २३ तारखेला निकॉननं झेड-सेव्हन आणि झेड-सिक्स जाहीर केले. आरसा नसलेले कॅमेरे, आणि माउंट पूर्णपणे नवा. आठच दिवसांत, ३० ऑगस्टला, त्याच कंपनीनं डी-पस्तीसशे जाहीर केला. आरशाचा, स्वस्त, आणि माउंट तोच जुना एफ. आता समजा तुमच्या कपाटात वडिलांची १९८०च्या आसपासची एआय लेन्स आहे. ती कुठे नीट चालेल? कुणीही म्हणेल, जिथे माउंट तोच आहे तिथे. प्रत्यक्षात डी-पस्तीसशेवर ती बसते, पण बॉडी प्रकाश मोजतच नाही. अंदाजानं फोटो काढायचा, पडद्यावर पाहायचा, पुन्हा काढायचा. उलट झेड-सेव्हनवर ती सरळ बसतच नाही, अ‍ॅडाप्टर लागतो. पण तो लावला की बॉडी प्रकाश मोजते, फोकस हातानं करावा लागला तरी व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून दाखवते, आणि बॉडीतली कंप-शामक यंत्रणा थरथर कमी करते. सत्तरी ओलांडलेल्या हाताला हे केवढं वरदान आहे, ते आम्हाला विचारा. बसणं आणि चालणं यांचा संबंध किती सैल आहे, हे एकाच कंपनीनं आठ दिवसांत दाखवून दिलं.

नव्या माउंटची गरज का पडली हेही पाहू. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असे, तो वर-खाली व्हायला जागा लागे. म्हणून लेन्सचं कडं आणि सेन्सर यांच्यात बरंच अंतर ठेवावं लागे. निकॉन एफमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, कॅनॉन ईएफमध्ये ४४. आरसा गेला आणि एवढ्या अंतराचं कारणच उरलं नाही. निकॉन झेडमध्ये हे अंतर १६ मिलिमीटर आहे, सोनीच्या ई माउंटमध्ये १८, कॅनॉनच्या आरएफमध्ये २०. लेन्स सेन्सरच्या जवळ आणता आली की, विशेषतः रुंद कोनाच्या लेन्सची रचना सोपी होते.

यातून एक साधा नियम निघतो. वऱ्हाडातल्या माणसाला तो विहिरीवरून लगेच कळेल. लेन्सचं ठरलेलं अंतर म्हणजे दोराची लांबी आणि बॉडीचं अंतर म्हणजे विहिरीची खोली. लांब दोर उथळ विहिरीला वापरता येतो, वरचा भाग गुंडाळून ठेवला की झालं. आखूड दोर खोल विहिरीला पुरत नाही. एफ माउंटच्या लेन्सला ४६.५ हवेत आणि झेड बॉडीत १६ आहेत. उरलेले ३०.५ मिलिमीटर भरून काढायचे म्हणजे अ‍ॅडाप्टर. म्हणून तो एवढा जाड असतो, त्यात भिंग नसतं, बहुतांशी हवाच असते. उलट झेडची लेन्स जुन्या डी-साडेसातशेवर लावायची म्हटली तर ती सेन्सरपासून फार दूर पडते, आणि दूरचं काही फोकसच होत नाही. जवळचं तेवढं होतं. या एका गणितानं पुष्कळ घोषणा तुम्ही स्वतः वाचू शकता. सोनीची ई लेन्स झेड बॉडीवर आणता येते, कारण मध्ये २ मिलिमीटर मोकळे आहेत आणि तेवढे पातळ अ‍ॅडाप्टर लोकांनी बनवलेही. झेडची लेन्स सोनीवर मात्र येत नाही. कॅनॉननं २०१२ मध्ये लहान कॅमेऱ्यांसाठी ईएफ-एम माउंट काढला होता, त्याचं अंतर १८. पुढे आलेल्या आरएफचं २०. म्हणजे ईएफ-एमच्या लेन्स आरएफ बॉडीला आखूड दोरासारख्या. कॅनॉननं ते लहान घराणं नंतर बंद केलं आणि ज्यांनी त्या लेन्स घेतल्या होत्या त्यांना त्याच कंपनीत पुढे जायला वाट उरली नाही. अकोल्याच्या व्याख्यानात एका ताईंनी नेमका हाच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून त्या गप्प बसल्या. फक्त एवढंच, की कॅमेरा चांगला असेल तर घोषणेनं तो बिघडत नाही. त्यांच्या आहेत त्या लेन्स त्यांच्या आहे त्या बॉडीवर तेवढेच चांगले फोटो काढतात.

आता बोलण्याचा मुद्दा. अ‍ॅडाप्टरमधून विजेचे संकेत गेले तरी संभाषण होईलच असं नाही. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरमध्ये संकेत जातात, छिद्र हलवणारी यंत्रणाही आहे, पण फोकसची मोटर नाही. म्हणून एएफ-एस लेन्स त्यावर नीट फोकस करतात आणि 'डी' लेन्स करत नाहीत. सोनीनं आपल्या जुन्या ए माउंटच्या लेन्ससाठी मोटर असलेला अ‍ॅडाप्टर २०२० मध्ये काढला, तोही मोजक्याच बॉड्यांवर. तिसऱ्या कंपन्यांच्या लेन्सचा मामला आणखी नाजूक. सिग्मा आणि टॅमरॉन यांनी एफ माउंटसाठी बनवलेल्या लेन्स बॉडीची भाषा ऐकून ऐकून शिकलेल्या असतात. नवी बॉडी आली, उच्चार थोडा बदलला, की त्या गोंधळतात. झेड मालिका आली तेव्हा अशा काही लेन्सचं फर्मवेअर बदलून घ्यावं लागलं.

भाषा शिकवायची की नाही हे कंपनीच्या हातात असतं. सोनीनं ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना २०११ पासून मोफत द्यायला सुरुवात केली, म्हणून आज त्या माउंटला परवडणाऱ्या लेन्सचा बाजार भरलेला आहे. कॅनॉननं आरएफचं दार बराच काळ बंद ठेवलं. २०२४च्या एप्रिलमध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना परवानगी असल्याचं जाहीर झालं, तेही लहान सेन्सरच्या लेन्सपुरतं. बॉडी विकत घेताना हे कुणी विचारत नाही. पण पुढची दहा वर्षं तुम्ही कुणाकडून आणि कुठल्या भावानं लेन्स घेणार, ते यावरून ठरतं.

पुरणं म्हणजे काय? लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स मोठ्या सेन्सरवर लावली तर तिचं प्रकाशाचं वर्तुळ पूर्ण सेन्सर झाकत नाही. निकॉनच्या झेड बॉड्या अशी लेन्स ओळखतात आणि आपोआप मधलाच भाग घेतात. पत्रकात याला 'पूर्ण सुसंगत' म्हणतात. हिशेब करा. बाजूचं प्रमाण दीडपट, म्हणून क्षेत्राचं सव्वादोनपट. साडेचोवीस मेगापिक्सेलची बॉडी घेतली आणि हाती साडेदहाच्या आसपास आले. हे वाईटच आहे असं नाही बरं का! आपल्याकडे लग्नाचा करिझ्मा अल्बम १२ बाय ३६ इंचाचा असतो, त्याचं एक पान १२ बाय १८. कापलेल्या फोटोची लांबी ३९८४ ठिपके. अठरा इंचांवर पसरले तर इंचाला २२१ पडतात. छापखाना ३०० मागतो, पण हातभर अंतरावरून पाहणाऱ्या मावशींना फरक कळत नाही. व्हिडिओच्या फोर-के चौकटीची रुंदी तर ३८४० ठिपकेच आहे. म्हणून 'पुरते का' याचं उत्तर लेन्समध्ये नाही आणि बॉडीतही नाही, ते गिऱ्हाईक काय मागतं यात आहे. संयोग दोघांत राहतो म्हणालो, इथे तिसराही आला.

आता घोषणेबद्दल. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे, पण बोलणारा आप्त असेल तर. आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. कंपनीकडे पहिली अट पूर्ण असते. दुसरी अर्धी. ती खोटं सहसा सांगत नाही, पण काय मोठ्या अक्षरात आणि काय तळटीपेत ठेवायचं ते ती ठरवते. घोषणेच्या दिवशीच हातात कॅमेरा घेऊन व्हिडिओ टाकणारी मंडळी असतात, त्यांची दुसरी अट पूर्ण असली तरी पहिली अपुरी असते. दोन दिवस वापरून कुणाला काय कळणार?

तळटीप वाचणं म्हणजे काय ते सांगतो. कॅनॉननं जुलै २०२० मध्ये ईओएस आर-फाइव्ह जाहीर केला. आठ-के व्हिडिओ घेणारा कॅमेरा म्हणून जगभर गवगवा झाला. तो तापतो, आणि तापला की चित्रण थांबवतो, हे कंपनीनं लपवलं नाही. किती मिनिटं चालेल याचं कोष्टक दिलं, आठ-केला सलग २० मिनिटं. पण ते आकडे २३ अंश तापमानातले होते. अकोल्याला मे महिन्यात पहाटे चार वाजता, गच्चीवर, पंख्याखाली सुद्धा २३ अंश नसतात! दुपारी मंडपात पत्र्याखाली किती असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. कोष्टक खरंच होतं, फक्त आपल्या गावचं नव्हतं. आमचा दिवसाचा सगळा हिशेब पंचेचाळीस अंशांचा. घोषणा आपल्या हवामानात भाषांतरित करून घ्यावी लागते, आणि तेवढं काम आपल्यासाठी कुणी करत नाही.

आणखी एक जात असते, 'लेन्स येणार आहे' अशा घोषणांची. निकॉननं २०१८ मध्ये झेडच्या पुढच्या लेन्सचा आराखडा दिला होता, आणि त्यातली नॉक्ट नावाची ५८ मिलिमीटरची प्रचंड लेन्स पुढच्या वर्षी खरंच आली. आराखडे पाळले जातात. पण डिसेंबरातलं लग्न आराखड्यावर काढता येत नाही. घोषणेच्या दिवशी जी लेन्स दुकानात नाही ती नाहीच असं धरून हिशेब करावा. वैशेषिक अभावालाही पदार्थ मानतात. प्रागभाव म्हणजे जे अजून झालेलं नाही त्याचं नसणं. बाजारात याला प्री-बुकिंग म्हणतात.

मेळघाटात जाणाऱ्या तरुण मंडळींबद्दल दोन शब्द. इथे अमरावतीत त्यांच्यापैकी पुष्कळ जणांकडे निकॉनची २००-५०० आहे. २०१५ची लेन्स, तिच्यात स्वतःची मोटर, छिद्रही विजेवर चालणारं. अ‍ॅडाप्टर लावून ती नव्या बॉडीशी व्यवस्थित बोलते. आरसा नसल्यानं खटखट आवाज करायचा नाही असं ठरवता येतं, रानपिंगळ्यासारख्या पक्ष्यापुढे त्याचं मोल आहे. २०२३ मध्ये झेडची स्वतःची १८०-६०० आली म्हणून २००-५०० मिळेल त्या भावानं विकून टाकू नका. आधी आहे ती लावून एक हिवाळा काढा. आणि पावसाळ्यात चिखलदऱ्याहून आल्यावर लेन्स पिशवीतच विसरू नका, बुरशी माउंट पाहून लागत नाही.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. आम्ही एका रविवारी अकोल्याला त्याच्या स्टुडिओत गेलो. त्याला म्हटलं, सगळ्या लेन्स टेबलावर मांड आणि प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी लाव. त्याच्याकडे डी-साडेसातशेच्या दोन बॉड्या. २४-७० आणि ७०-२००, दोन्ही एएफ-एस. ५० आणि ८५, दोन्ही 'डी'. शिवाय लहान सेन्सरची ३५. तिन्ही क्रियापदं प्रत्येक चिठ्ठीवर लिहिली. दोन मोठ्या लेन्स बसतात, बोलतात, पुरतात. ३५ बसते, बोलते, अल्बमच्या पानापुरती पुरते. ५० आणि ८५ बसतात, छिद्राचं बोलतात, फोकसचं बोलत नाहीत.

८५वर तो अडला. नवरीचा एकटीचा फोटो तो नेहमी ८५वर काढतो, वडिलांनी घेऊन दिलेली लेन्स ती. "सर, मंग ह्या लेन्ससाठी जुनी बॉडी ठेवा लागन ना जी." बरोबर. आणि जुनी बॉडी ठेवायची ठरली की दोन नव्या बॉड्यांची गरज राहत नाही. कर्ज अर्ध्यावर आलं.

मग कुठली नवी? त्याच्या डोळ्यासमोर झेड-सिक्स-थ्री होता, जून २०२४ मधला. आम्ही एप्रिल २०२५ मधला झेड-फाइव्ह-टू त्याच्यासमोर ठेवला. दोन्हीत साडेचोवीस मेगापिक्सेल. सिक्स-थ्रीचा सेन्सर फार वेगानं वाचला जातो, व्हिडिओत तो उजवा आहे, यात वाद नाही. फाइव्ह-टू सेकंदाला साठ चौकटींचं फोर-के घेताना मधलाच भाग वापरतो, तीसला पूर्ण. त्याला विचारलं, रील्ससाठी साठ कितीदा लागतात? म्हणाला, वरातीत नाचताना. मग कार्डाचा प्रश्न आला. सिक्स-थ्रीत एक खाच सीएफएक्स्प्रेस कार्डाची आणि एक एसडीची. फाइव्ह-टूत दोन्ही एसडी, आणि त्याच्याकडे एसडी कार्डांचा डबा भरलेला. बॅटरीचं घराणंही जुनंच, ईएन-ईएल१५, अक्षराची आवृत्ती तेवढी पाहून घ्यायची. लेन्सच्या जुळण्यावर इतकं बोलतो आणि कार्ड, बॅटरी, चार्जर, फ्लॅश यांचं जुळणं कुणी धरतच नाही. पैसे तिथेही जातात.

त्यानं लगेच घेतला नाही. ओळखीच्याकडून एका दिवसासाठी भाड्यानं आणला आणि आपल्याच पुतणीच्या साखरपुड्यात, जिथे चूक झाली तर शिव्या घरच्याच खाव्या लागतात, तिथे वापरून पाहिला. ७०-२०० अ‍ॅडाप्टरवर पुढे जड होते, मनगट दुखतं, असं त्यानं रात्री कळवलं. हे कुठल्याही पत्रकात नव्हतं. पण मंद दिव्यांत डोळ्यावर फोकस जुन्या बॉडीपेक्षा पक्का आला. जुन्या कॅमेऱ्यात फोकस तपासणारा भाग वेगळा असतो, आरशातून आलेल्या प्रकाशावर चालणारा. त्याचं आणि सेन्सरचं जरा बिनसलं की नजर नाकावर आणि डोळा धूसर. नव्यात सेन्सरच फोकस पाहतो, म्हणून ते बिनसणं नाही. त्यानं एक फाइव्ह-टू आणि एक अ‍ॅडाप्टर घेतला. नवरीचा फोटो मात्र अजून डी-साडेसातशेवरच, ८५ लावून.

बरं, वेळ झाली. आमची ती मोटर नसलेली बॉडी आणि सेमाडोहची प्रसिद्ध लेन्स दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. तुम्ही लेन्स आणल्या असतील तर त्या उलट्या करून पाहू. मागच्या धातूच्या कड्यात पेचकसाचं टोक जाईल अशी बारीक खाच दिसली तर तिला बॉडीची मोटर हवी. तसंच बॉडीच्या कड्यात तेवढंच बाहेर आलेलं टोक आहे का ते बोटानं चाचपायचं. सोनेरी ठिपक्यांची रांग असेल तर तिला काहीतरी बोलता येतं. काय बोलते ते लावल्यावर कळेल. धूळ फार आहे, तेव्हा बॉडीचं तोंड खाली धरून लेन्स बदला.